माझ्या वाकड्या टाइल्सवर स्वतःच्या मिनी उभ्या करणाऱ्या ताईंना

ताई,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हणून झालंय पण तेवढ्यानं माझं समाधान होत नाहीये, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. काल डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना आमची अख्खी पार्टी, म्हणजे आमच्या पात्रांची टोळी, मी घरी पुठ्ठ्याच्या टाइल्स जोडून बनवलेल्या त्या तळघरात लढली, एक टाइल हलली नाही, एक मिनी, म्हणजे पात्राची छोटी मूर्ती, आडवी झाली नाही आणि मला मधेमधे सारखी तुमची आठवण येत होती.

तुमच्याआधी मी बऱ्याच जणांना विचारलं होतं. एकानं फोटो बघूनच सांगितलं, हे पुठ्ठ्याचे उद्योग सोड आणि रेडीमेड सेट घे. दुसऱ्याचं म्हणणं थ्रीडी प्रिंटर नसेल तर या भानगडीत पडूच नये. ज्यानं टाइल्सवर चिकटवायच्या चौकोनांच्या प्रिंट काढून दिल्या त्याला विचारलं की चौकोन बारीक का वाटतायत, तर म्हणे तुमची फाईलच तशी असेल. फाईल बरोबर होती हो, मी घसा कोरडा करून सांगत होतो! घरी बनवलंय म्हटलं की सगळे सल्ला द्यायला तयार, टाइल हातात घेऊन मोजायला कुणी तयार नाही.

आणि तुम्ही काय केलंत, मी पिशवीतून त्या कडेनं वर वळलेल्या टाइल्स काढल्या तेव्हा एक शब्द न बोलता तुमच्या डब्यातून दोन मिनी काढल्यात, तुम्ही स्वतः रंगवलेल्या, भाल्यावरचा रंगसुद्धा कुठे उडालेला नाही अशा, आणि माझ्या दोन चौकोन रुंद बोळात शेजारी शेजारी उभ्या केल्यात. एवढंच. पण त्या क्षणी मला कळलं की ही बाई माझ्या टाइल्सना खेळायची वस्तू समजतेय, कचरा नाही. एवढ्या मेहनतीनं रंगवलेल्या मिनी कुणी डगमगत्या पुठ्ठ्यावर ठेवतं का? तुम्ही ठेवल्यात. बाकी काही शिकवलं नसतंत तरी मी हे पत्र लिहिलं असतं.

त्या मिनी एकमेकींना ढकलत होत्या. मग तुम्ही पट्टी घेतलीत आणि एक चौकोन नाही, सलग दहा मोजलेत, एकेक इंचाचे म्हणून 254 मिलिमीटर यायला हवे होते ते 240 सुद्धा भरले नाहीत. म्हणालात, फाईल ठीक आहे तुझी, प्रिंट काढताना पानात बसवायला आकसलीय, पुढच्या वेळी शंभर टक्के साइझ सांग. एका चौकोनात हा फरक दीड मिलिमीटरचा, डोळ्याला दिसतही नाही, पण मिनीच्या पायाखालचा 25 मिलिमीटरचा बेस 24 च्या चौकोनात कसा मावणार? डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये एक इंचाचा चौकोन म्हणजे खेळातल्या जगातले पाच फूट, त्यामुळे दोन जण बोळ अडवून शेजारी उभे राहू शकतात की नाही यावर कधीकधी अख्खी लढाई फिरते. इतके दिवस आमचे वाद त्यावरूनच होत होते.

वळलेल्या कडांचं पण तेच. कागद एकाच बाजूला चिकटवला की गम सुकताना तो पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, मग मागेही तसाच कागद लावायचा म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी. साधी गोष्ट, पण कुणीतरी सांगावी लागते ना. आणि फोमवर थेट स्प्रे मारू नकोस, आधी ब्रशनं रंगाचा थर दे नाहीतर फोम विरघळेल, हे तुम्ही मी विचारायच्या आधीच सांगितलंत. माझे फोमच्या भिंतींचे तुकडे वाचले.

मला वाटतं चांगली माणसं अशीच असतात. येतं सगळं पण आधी समोरच्यानं काय बनवलंय ते नीट बघतात, आणि चूक दाखवतानाही त्याची हौस मरणार नाही याची काळजी घेतात. आमच्या ग्रुपमधल्या एकीनं आता स्वतःचं जंगल बनवायला घेतलंय, मी तिच्याकडे गेलो तेव्हा आधी माझ्या मिनी काढल्या आणि तिच्या झाडांमध्ये उभ्या केल्या.

तुमच्यासाठी तळघराचा एक कोपरा वेगळा बनवून ठेवलाय, दोन्ही बाजूंनी कागद लावलेला, कडांना काळा मार्कर फिरवलेला. भेटलात की देतो. आणि ताई, पुढे गुहेचा सेट करतोय, त्यात पाण्याच्या टाइल्सना चकचकीत वार्निश द्यावं का? वरच्या दिव्याचा उजेड पडून चौकोनांची ग्रिड दिसेनाशी होईल अशी भीती वाटतेय, तेवढं सांगा.