क्यूए मॅनेजर होताना

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

आजवर तू औषध कारखान्यात बॅच रेकॉर्ड, म्हणजे एकेका बॅचच्या उत्पादनाच्या नोंदी, तपासत होतीस. चूक दाखवली की तुझं काम झालं. आता तू क्यूएची, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाची मॅनेजर; चूक का झाली, याचं उत्तर तुझ्या सहीने जाणार. मला काळजी आहे ती याच सहीची.

डेव्हिएशनच्या, म्हणजे ठरलेल्या पद्धतीबाहेर काही घडल्याच्या, रिपोर्टात कारण ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ आणि उपाय ‘पुन्हा ट्रेनिंग दिलं’ एवढंच असेल, तर तो सरळ परत पाठव. समज, कॉम्प्रेशनला, म्हणजे पावडर दाबून गोळ्या करताना, दर 30 मिनिटांनी गोळ्यांचं वजन बघतात. 10:30 ला बरोबर, 11 ला मर्यादेबाहेर. सेटिंग करून मशीन पुन्हा सुरू केलं. मग मधल्या अर्ध्या तासाच्या गोळ्या गेल्या कुठे? शेवटच्या बरोबर तपासणीपासूनचा सगळा माल होल्डवर जायला हवा. पण दर तपासणीला कंटेनर बदललाच नसेल, तर चांगला-वाईट माल एकत्र झालेला असतो आणि अख्खा कंटेनर अडकतो. हे रिपोर्टात कुणी आपणहून लिहीत नाही, विचारावं लागतं.

नुसतं सरासरी वजन पाहू नकोस, एकेका गोळीचं बघ. सगळ्याच गोळ्या हलक्या होत गेल्या असतील तर हॉपरमधली पावडर आणि ती साच्यांत सोडणारा फीडर तपासायला लाव. ठरावीक स्टेशनचीच, म्हणजे मशीनमधल्या एकाच साच्याची, गोळी बिघडत असेल तर खालचा पंच, म्हणजे गोळी दाबणारा दांडा, अडकत असेल. ऑपरेटरला कितीही ट्रेनिंग दिलं तरी अडकलेला पंच सुटत नाही गं.

लॅबचा निकाल नापास आला आणि दुसऱ्यांदा पास झाला, म्हणून पहिला रद्द होत नाही. लॅबची चूक पुराव्यानिशी दाखवता आली तरच होतो. ऑडिट ट्रेल, म्हणजे लॅबच्या कॉम्प्युटरने कोणी कधी काय केलं याची आपोआप ठेवलेली नोंद, स्वतः उघड. एकच सॅम्पल तपासणीच्या यंत्रात तीनदा सोडलेलं (तीन इंजेक्शन्स) आणि रिपोर्टात एकच, असं दिसलं तर बाकीच्या दोनांचा हिशेब माग.

कॅपा, म्हणजे चूक सुधारण्याचा आणि पुन्हा न होऊ देण्याचा उपाय, बंद करण्याआधी तो लागू पडला हे कशावरून ठरवायचं, ते सुरुवातीलाच लिहून घे: पुढच्या किती बॅच, कोणती मर्यादा.

डिस्पॅचची गाडी दारात उभी असेल, फोनवर फोन येतील. लेबलांचा हिशेब जुळल्याशिवाय बॅच सोडू नकोस. दिलेली, वापरलेली, फाटलेली, परत आलेली, सगळी मोजून. ती गोळी घेणाऱ्या आजारी माणसाला आत काय आहे हे तपासता येत नाही.

पहिल्या आठवड्यात वर्षभराची डेव्हिएशन्स तारखेनुसार नको, मशीननुसार लाव. ज्या मशीनची यादी सगळ्यात लांब, त्याच्यापाशी एक पूर्ण शिफ्ट उभी राहा.

तुझी,
आई