आई-बाबा, मनास्लूला जायचं नक्की केलंय

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलणं कधीच धड होणार नाही. आई तू गप्प होतेस, बाबा लगेच "बरं, पाऊस कसा आहे तिकडे" करतात आणि मग मीच विषय बदलते, म्हणून लिहितेय. नेपाळमधल्या मनास्लू शिखरावर चढाईला जायचं नक्की केलंय. ऑगस्टच्या शेवटी निघायचं, ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परत. रजा मंजूर झाली, पैसे भरून झाले, मेडिकल झालं, रिपोर्ट सगळे चांगले आलेत, दादाच्या मोबाईलवर पाठवलेत, बाबा तुम्ही मोठे करून निवांत बघा. म्हणजे जाऊ का, असं तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय, आणि त्याचं मला वाईट वाटतंय. खूप वाटतंय. पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात आणि ते ऐकूनही मी गेलेच असते, ते तुम्हाला जास्त लागलं असतं.

वहिनी म्हणाली की दादाने तुम्हाला २०१२ चं वाचून दाखवलं. मला त्याचा राग नाही, काळजीपोटीच केलं त्याने. आणि ते खरंच आहे. त्या सप्टेंबरमधे मनास्लूवर पहाटे माणसं तंबूत झोपलेली असताना हिमप्रपात आला आणि ११ जण गेले. शिखर ८१६३ मीटर उंच आहे, जगात आठव्या नंबरचं, आठ हजार मीटरच्या वरच्या चौदा शिखरांमधे त्यातल्या त्यात सोपं म्हणतात. पण सोपं म्हणजे अवघड कड्यांची चढाई कमी एवढंच, बर्फाची भीती आहेच. हिमप्रपात बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि ताजा बर्फ पडल्यानंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात वाईट असतात, म्हणून बर्फ पडला की आम्ही खाली थांबणार, घाई नाही, मोहिमेत थांबायचे दिवस आधीच धरलेत. बर्फाखाली कुणी गाडलं गेलं तर शोधायला प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे सिग्नल देणारं आणि पकडणारं छोटं यंत्र असतं, सोबत प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून बघायची लांब काठी, आणि फावडं, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटंच काय ती महत्त्वाची, म्हणून त्याचा सराव आम्ही इतका केलाय की झोपेतही हात चालतील. तरीही सगळं आपल्या हातात नसतं. एवढी सगळी काळजी घेऊनही थोडा धोका उरतोच आणि तो उरत नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही मला तसं खोटं बोलायला शिकवलं नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात हे थ्रिलचं वेड आहे. मी बराच विचार केला त्यावर. २०१३ मधे ब्रिटनमधल्या बँगोर विद्यापीठातल्या संशोधकांनी गिर्यारोहक आणि विमानातून उड्या मारणारे स्कायडायव्हर यांची तुलना केली होती. उड्या मारणाऱ्यांना थरार हवा असतो, गिर्यारोहकांचं मात्र तसं दिसलं नाही, ते जास्त करून आपल्या भावनांवर आणि आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे हे अनुभवायला जातात, असं त्यातून निघालं. हे वाचलं आणि मला ते वर्ष आठवलं. तुम्ही हॉस्पिटलमधे आत आणि आम्ही तिघं बाहेर त्या बाकावर, दादा सारखा पाणी आणायला उठायचा. कुणालाच काही करता येत नव्हतं. त्यानंतरच्याच मेमधे मी गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला गेले. तुम्हाला वाटलं मैत्रिणींच्या नादाने गेले, मीही तेव्हा तसंच सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर वर थरार फारसा नसतोच. बराचसा वेळ बर्फ वितळवून पाणी करण्यात, ओले मोजे वाळवण्यात आणि वाट बघण्यात जातो. चालायचं तेही किती हळू, एक पाऊल, दोन-तीन श्वास, परत एक पाऊल. पण त्या हळू चालण्यात डोकं इतकं एका जागी येतं की काय सांगू. बघा, फिक्स रोपवर, म्हणजे आधीच लावून ठेवलेल्या दोरावर, चढताना कमरेच्या हार्नेसला, म्हणजे पट्ट्यांना, दोन गोष्टी असतात, एक जुमार, जो दोरावर वर सरकतो पण खाली घसरत नाही, आणि एक सेफ्टीचा कॅराबिनर, म्हणजे उघडझाप करणारं गेट असलेली धातूची कडी. दोर जिथे बर्फात ठोकलेल्या अँकरला बांधलेला असतो तिथे दोन्ही पुढच्या दोरावर घ्यावे लागतात. आधी सेफ्टी काढायचा, अँकरच्या पलीकडे लावायचा, गेट लॉक झालं का ते बोटाने दाबून बघायचं, ओढून बघायचं, आणि मग जुमार काढायचा. दोन्ही एकदम कधीच सुटे नाहीत. जाड ग्लोव्हजमधे, दमलेल्या हाताने, वारा सुटलेला असताना, प्रत्येक अँकरला हेच. त्या वेळी ऑफिस, कर्ज, मेसेज, लोक काय म्हणतील यातलं काही म्हणजे काही डोक्यात नसतं. मला एवढं जिवंत दुसरीकडे कुठेच वाटत नाही. आई, तू विचारतेस ना तिथे आहे तरी काय, तर माझ्यासाठी हे आहे.

आणि भीती वाटतेच. वाटत नाही असं म्हणणाऱ्याच्या दोराला मी स्वतःला बांधून घेणार नाही. लहानपणी मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढले होते, उतरता येईना, आठवतं? सगळे ओरडायला लागले, तू एकटी ओरडली नाहीस. खाली उभी राहून शांतपणे सांगत होतीस, आधी डावा पाय, आता हात सोडू नकोस, आता उजवा, खाली बघू नकोस माझ्याकडे बघ. उतरल्यावर तू मला इतकं घट्ट धरलंस की तुझ्या बांगड्या पाठीत रुतल्या, आणि मग रात्रभर माझ्या पोटावर हात ठेवून झोपलीस. घाबरल्यावर काय करायचं हे मी कोर्समधे शिकले असं तुम्हाला वाटतं, पण ते मी आधीच शिकून गेले होते गं.

आता माघारीचं. माझ्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून नीट वाचा. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त असतो. मेंदूला प्राणवायू कमी पडला की आपण चुकतोय हेच कळत नाही. मेंदूला सूज आली तर चालताना तोल जातो, बोलणं अडखळतं, आणि ज्याला होतं तोच म्हणतो की मी ठीक आहे, चला पुढे. म्हणून वर गेल्यावर काय करायचं ते खालीच ठरवून ठेवायचं असतं. शिखराच्या दिवशी किती वाजता वळायचं ती वेळ बेस कॅम्पवरच ठरेल, शिखर समोर दिसत असलं तरी त्या वेळेला वळायचं, आणि माझ्याबरोबर जो शेर्पा असेल त्याने खाली म्हटलं की खाली, तिथे माझं मत विचारात घ्यायचं नाही हे मी आधीच सांगून ठेवलंय. एड व्हीस्टर्स नावाचा अमेरिकन गिर्यारोहक १९८७ मधे एव्हरेस्टच्या माथ्यापासून जेमतेम शंभर मीटरवरून परत फिरला होता. अन्नपूर्णेवरून तर तो दोनदा माघारी आला, मग २००५ मधे वर गेला आणि त्याची चौदाही शिखरं पूर्ण झाली, तीही कृत्रिम ऑक्सिजनशिवाय. मला त्याच्या चौदा शिखरांपेक्षा ते शंभर मीटर जास्त मोठे वाटतात.

मी मात्र ऑक्सिजन वापरणार आहे. मला त्यातलं काही सिद्ध करायचं नाही, आणि त्याने अंगात ऊब राहते, हातापायांची बोटं वाचतात. अन्नपूर्णेवर १९५० मधे पहिल्यांदा पोचलेल्या एर्झोग आणि लाशनाल या दोघा फ्रेंच गिर्यारोहकांची बोटं हिमदंशाने गेली, हे मीच तुला कधीतरी सांगून बसले आणि तेव्हापासून दर वेळी परत आले की तू आधी माझे हात धरून बघतेस. तेव्हापासून आतापर्यंत बूट आणि हातमोजे खूप बदललेत आई. बूट आत वेगळे, बाहेर वेगळे असे थरांचे आहेत, रात्री आतले बूट झोपायच्या बॅगेत घेऊन झोपायचं म्हणजे सकाळी गार लागत नाहीत. ग्लोव्हजचे तीन थर, वर जास्तीचा एक जोड. दोन महिने रोज घरात घालून फिरतेय. खाणंपिणं बेस कॅम्पवर गरम आणि पोटभर असतं, तिथे डॉक्टरही असतील, माझा स्वतःचा तंबू आहे, त्यात उशी पण नेतेय, हसू नका.

आत्या म्हणाली असेल की बायकांनी हे कशाला. तिला सांगा, मनास्लूवरच १९७४ मधे तीन जपानी बायका पोचल्या, आठ हजार मीटरच्या वरच्या शिखरावर पाय ठेवणाऱ्या जगातल्या पहिल्या बायका त्या. त्याच मोहिमेत त्यांची एक सोबतीण परत आली नाही, हे पण आहे, आत्याला एवढं सांगायची गरज नाही, पण तुम्हाला दोघांना अर्धंच सांगणं मला बरं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मला स्वतःच्या धोक्यापेक्षा जास्त खुपते. दोर लावायला शेर्पा आमच्या आधी जातात, सामान घेऊन त्याच उतारावरून ते कितीतरी जास्त फेऱ्या मारतात. २०१४ च्या एप्रिलमधे एव्हरेस्टच्या खुंबू हिमधबधब्यात, म्हणजे हिमनदीच्या फुटक्या-तडकलेल्या उतारावर, बर्फ कोसळून १६ जण गेले, सगळे नेपाळी कामगार. त्यांनाही आई-बाबा होतेच. म्हणून मी कंपनी निवडताना विमा कुणाकुणाचा आणि किती, पगार वेळेवर मिळतो का, हे खोदून विचारलं, आणि वरच्या कॅम्पपर्यंत माझी स्लीपिंग बॅग मी स्वतः नेणार आहे. एवढ्याने ते पुरतं फिटत नाही, मला माहितीय. पण ते डोळ्याआड करून मला जायचं नाहीये.

आता माझं एक मागणं आहे आणि ते तुम्ही ऐकायचंच. फॅमिली ग्रुपवर काही टाकू नका. शुभेच्छा नको, "शिखर सर करून ये" नको, परत आल्यावरचा सत्कार तर नकोच नको, मामाला पण सांगा, त्याने हॉल बघायला घेतला असेल. माणसं वर अडकतात ती पुष्कळदा यानेच, इतके पैसे भरले, इतक्या लोकांना सांगितलं, आता कसं फिरायचं. हिमप्रपातांच्या शेकडो अपघातांचा अभ्यास झालाय, त्यात एकदा ठरवलं म्हणून पुढे जात राहणं हे मोठं कारण निघालं, अगदी अनुभवी लोकांतसुद्धा. मला वर माझ्या मागे कुणाचा सत्कार उभा नकोय. मनास्लूचं शेवटचं टोकही तसंच आहे, अरुंद धार आहे, बरेच जण वर्षानुवर्षं अलीकडच्याच उंचवट्यावर थांबून शिखर केलं म्हणायचे, २०२१ मधे ड्रोनच्या फोटोत ते अगदी स्पष्ट दिसलं. ती धार मला धड वाटली नाही तर मी अलीकडूनच फिरेन आणि तसंच सांगेन. तुम्ही फोनवर पहिला प्रश्न "उतरलीस का?" एवढाच विचारायचा. दुसरं काही विचारायचं नाही.

सॅटेलाइटवरून मेसेज करायचं यंत्र घेतलंय. त्यावरून रोज संध्याकाळी दादाला मेसेज जाईल आणि तो तुम्हाला सांगेल. पण एक-दोन दिवस आला नाही तर त्याचा अर्थ एवढाच की हवा खराब आहे किंवा बॅटरी थंडीने गेलीय. लगेच टीव्ही लावून बसायचं नाही. मोबाईलवर मनास्लू शोधायचं नाही, बाबा, तुम्हाला सांगतेय.

बाबांच्या बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणून डब्यांमधे वार लिहून भरल्यात, सकाळची चुकली तर दुपारी दोन घ्यायच्या नाहीत. बाथरूममधे रबराची मॅट आणि धरायला दांडा या रविवारी माणूस येऊन लावून जाईल, त्याला "कशाला, आम्ही काय म्हातारे आहोत" म्हणून परत पाठवू नका. मी तिथे हार्नेस घालून चढणार आणि तुम्ही इथे स्टुलावर स्टूल ठेवून माळा आवरणार, हे मला चालणार नाही. माळ्यावरचं जे हवं ते आत्ताच सांगा, जायच्या आधी येऊन काढून देते. आई, गुडघ्याचे व्यायाम रोज, टीव्ही बघत बघत केलेस तरी चालेल पण कर. रात्री पॅसेजमधला छोटा दिवा चालूच ठेवायचा, बिल येऊ दे. सकाळी फिरायला जाताना दोघांनी एकत्र जा, मोबाईल घरी ठेवून जायचं नाही.

निघायच्या आधी चार दिवस येते. काही करायला नको, नुसतं बसू. बाबा, नकाशा आणते, कॅम्प कुठे कुठे ते तुम्हाला दाखवते, तुम्हाला कळलं की आईला तुम्हीच समजावून सांगाल, तिला माझ्यापेक्षा तुमचं पटतं. आणि आई, चिडायचं असेल तर तेव्हा समोर चिड, मनात ठेवून बीपी वाढवू नकोस, मी ऐकून घेईन.

तुमची,
छकुली

ता.क. आई, डोळ्यांचे ड्रॉप्स उघडल्यावर महिनाभरच चालतात, फ्रीजच्या दारातली बाटली टाकून दे, नवीन पाठवलीय. आणि बाबांची सप्टेंबरमधली तपासणी दादाने नेऊन करायची असं त्याच्याशी ठरलंय, "ती आल्यावर बघू" करायचं नाही.