दिवा लागला की वायरिंग झाले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की गिझरचा, वॉशिंग मशिनचा शॉक लागल्याच्या बातम्या येतात आणि दोष उपकरणाला दिला जातो. उपकरण कधी ना कधी बिघडणारच. बिघडल्यावर वीज लगेच तुटते की नाही, हे वायरिंग करणाऱ्याच्या हातात असते. आयटीआयच्या अभ्यासक्रमात एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा, म्हणजे वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच), मेगर (वायरच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) सगळे आहे. पण घरोघरी काम करणारे कित्येक जण हाताखाली शिकलेले, आणि तिथली परीक्षा एकच : बटण दाबले, दिवा लागला, काम झाले.

एक हिशोब प्रत्येक शिकाऊ मुलाकडून फळ्यावर करून घ्यावा. गिझरमध्ये फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, बॉडीला लागली. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 5 ओहम, म्हणजे चांगलाच. ट्रान्सफॉर्मरकडचा रोध धरलाच नाही, तरी 230 भागिले 5, प्रवाह 46 अँपिअर. 16 अँपिअरचा 'सी' प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायचा तर 80 ते 160 अँपिअर लागतात. 46 ला तो कित्येक सेकंद तसाच राहतो आणि तेवढा वेळ बॉडीत करंट असतो. उन्हाळ्यात खड्डा सुकून रोध 20 ओहम झाला, तर प्रवाह साडेअकरा अँपिअर. मग एमसीबी पडतच नाही. म्हणून नुसत्या अर्थिंगवर भागत नाही. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढ्याच गळतीला 0.3 सेकंदाच्या आत पडते, पाचपट गळतीला 0.04 सेकंदात. मात्र ओव्हरलोड आणि शॉर्ट तिला कळत नाही, त्यासाठी एमसीबी हवाच. 300 मिलिअँपिअरची आरसीसीबी आगीसाठी असते, माणसासाठी नव्हे. विकत घेताना तो आकडा वाचला पाहिजे.

बसवलेली आरसीसीबी जंपर (तिला वळसा देणारी वायर) टाकून बाद का केली जाते? बहुतेक वेळा न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरच्या, घोळामुळे. इन्व्हर्टरच्या लाइनची फेज आरसीसीबीनंतर घेतली आणि न्यूट्रल तिच्या आधीच्या पट्टीवर लावले, की गेलेला प्रवाह तिच्यातून परत येत नाही, ती त्याला गळती समजते आणि पंखा लावताच पडते. कारण शोधता येत नाही, म्हणून 'खराब आहे' ठरते. एमसीबीचेही तेच : 16 चा सारखा पडतो म्हणून 32 चा बसतो, भिंतीतली वायर मात्र अडीच चौरस मिलिमीटरचीच. आता आधी वायर जळेल, मग एमसीबी पडेल. दिव्यांना दीडची वायर आणि 6 किंवा 10 चा एमसीबी, 16 अँपिअरच्या सॉकेटला अडीचची आणि 16 चा, गिझर-एसीला स्वतंत्र चारची आणि 20 चा, ही जोडी तोंडपाठ हवी.

म्हणून प्रशिक्षणात मुद्दाम बिघडवलेला बोर्ड हवा : पेटीत न्यूट्रल-अर्थ जोडलेले, दोन सर्किटची न्यूट्रल मिसळलेली, एक स्क्रू सैल. दोष मोजून शोधायचा. आधी सप्लाय बंद करून अर्थची सलगता. मग बल्ब-उपकरणे काढून, स्विच चालू ठेवून 500 व्होल्टचा मेगर एक मिनिट; किमान 1 मेगाओहम आलेच पाहिजे. मग फेज स्विचवरच आहे ना, ते पाहणे. शेवटी सप्लाय देऊन आरसीसीबी. नुसते टेस्ट बटण पुरत नाही. सॉकेटमागची अर्थ वायर तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतेच.

नवीन जोडणीच्या चाचणी अहवालावर मेगरचे वाचन, अर्थचा रोध आणि आरसीसीबी पडायचा वेळ, हे प्रत्यक्ष मोजलेले तीन आकडे नसतील तर वीज कंपनीने तो घेऊ नये. आणि वायरमन परवान्याच्या परीक्षेत उमेदवारापुढे असाच बिघडवलेला बोर्ड ठेवावा, ही विद्युत निरीक्षकांना विनंती.

– एक शिल्प निदेशक, वीजतंत्री