समईचे तेल आणि कोरडा नळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परिचारिका दिनानिमित्त आपण काल छापलेला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यावरचा लेख वाचला. करुणा, ममता आणि सेवाव्रत यांनी तो इतका भरून गेला आहे की क्रिमियाच्या युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयाखाली तुंबलेल्या गटारांना त्यात जागाच उरलेली नाही.

बाई नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन तिथे पोचल्या, तरी सैनिक मरतच राहिले. फेब्रुवारीत तर मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले, आणि त्यात जखमांपेक्षा हगवण, पटकी व टायफसचे बळी अधिक होते. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे उपसली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली, तेव्हा जूनपर्यंत ते शेकडा २ वर उतरले. मायदेशी परतल्यावर बाईंनी हे आकडे मांडून, १८५८ मध्ये त्यांची आकृती काढून सरकारपुढे ठेवले. लेखक महाशयांना मात्र गणित करणारी बाई बहुधा पुरेशी प्रेमळ वाटली नसावी.

परिचारिकेने दिवसातून वारंवार हात धुवावेत, असे बाईंनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. मी ३१ वर्षे सरकारी रुग्णालयांत काढली. एका वर्षी १२ मे रोजी आमच्या सर्जिकल वॉर्डातल्या बेसिनचा नळ नऊ दिवस कोरडा होता. तीन अर्ज देऊन झाले होते, आणि प्रत्येक ड्रेसिंगनंतर आम्ही तळमजल्यावरून आणलेल्या बादलीतले पाणी मगाने एकमेकींच्या हातांवर ओतत होतो. सभागृहात दीपप्रज्वलन झाले, शपथ झाली, आमच्यावर गुलाबपाकळ्याही पडल्या. नंतर वॉर्डात फेरी मारायला आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी समईच्या तेलाने माखलेली बोटे पुढे करून विचारले, "सिस्टर, हात कुठे धुऊ?" मी त्यांना अदबीने त्याच बेसिनपाशी नेले. संध्याकाळी पाच वाजता प्लंबर हजर झाला.

जाता जाता, लेखासोबत आपण छापलेल्या चित्रात बाईंच्या हाती अल्लाउद्दीनचा दिवा आहे. त्या वापरीत तो घडीचा तुर्की कंदील होता. पुढच्या १२ मे रोजी निदान तेवढी दुरुस्ती व्हावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका