तुझी गोष्ट कापतोय, आधी वाच

नागपूर, रविवार रात्र

प्रिय बाल्या,

सात महिने फोन नाही, मेसेज नाही आणि आता एकदम पत्र. शिव्या घालायच्या तर घाल, पण पूर्ण वाचून घाल. इकडे सगळे बरे, आईचे गुडघे तसेच. आता ऐक.

काल आपल्या मारबतीच्या कम्प्युटर गेममध्ये ‘पिडा’ हा शब्द पहिल्यांदा ‘पिडा’ असाच दिसला बे!

ते जुनं दृश्य तुला आठवतच असेल. इडा पिडा गावाबाहेर नेणारी पिवळी मारबत, बाईचा तो भला मोठा पुतळा, इतवारीतून चाललीय, मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, फलकावर ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’, आणि पिडाची वेलांटी प ला सोडून ड च्या डोक्यावर बसलेली. ‘तान्हा पोळा’तला न पायमोडका, ह पासून तुटून एकटा उभा. ऱ्हस्व इकार साठवताना अक्षराच्या नंतर असतो आणि काढताना आधी काढावा लागतो. ज्यावर गेम बांधला त्या आपल्या जुन्या इंजिनाला, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरला, अक्षरं आली तशी ओळीत मांडणं तेवढं यायचं. शेवटी मी एकशे चाळीस फलक चित्रं म्हणून हाताने काढले. एक शब्द बदलायचा तर अख्खं चित्र नव्याने.

तू तेव्हापासून गोडॉट, गोडॉट करत होतास, ते फुकटचं इंजिन घेऊ म्हणून, आणि मी म्हणायचो, अर्धा गेम झालाय, आता नाही. तर्री पोह्यांच्या ठेल्यावर आपण इतके भांडलो की त्या काकांनी पैसे न घेताच हाकललं होतं. आता गेम मी गोडॉटवरच हलवलाय, तर लिहून देतो, तू बरोबर होतास. पण पूर्ण नाही! २०१९ मध्ये तू ज्या तिसऱ्या आवृत्तीसाठी जीव टाकत होतास, तिच्यात जोडाक्षरं जुळवायची सोयच नव्हती. ती आली ४.० मध्ये, मार्च २०२३ ला. त्यात हार्फबझ नावाचं अक्षरं जुळवणारं सॉफ्टवेअर आहे, तेच मात्रा-वेलांट्या जागच्या जागी बसवतं. तेव्हा तुझं ऐकलं असतं तरी पिडा फुटकीच दिसली असती. हा मुद्दा मी मरेपर्यंत सोडणार नाही.

दुसरा मुद्दा मात्र तुझाच. २०२३ च्या सप्टेंबरात युनिटी या मोठ्या इंजिनाच्या कंपनीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेण्याचं जाहीर केलं, त्या रात्री तू दीड वाजता फोन केला होतास. आपलं इंजिन वेगळं, तरी तू ओरडत होतास की नियम दुसऱ्याच्या हातात असला की असंच होणार. पुढच्या महिन्यात त्यांचे सीईओ गेले, वर्षभराने ती फीही रद्द झाली. मी म्हटलं, बघ, मिटलं. तू म्हणालास, मिटलं नाही, कळलं. गोडॉट एमआयटी परवान्यावर आहे, म्हणजे कोड कोणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. उद्या त्यांनी काहीही ठरवलं तरी माझ्याकडे उतरवलेला कोड माझ्याकडे राहतो. हे मला आता पोटातून कळतंय, कारण चार महिने एकेक सीन जुन्या इंजिनातून गोडॉटमध्ये हलवताना रात्री हीच भीती वाटायची, की परत हलवावं लागलं तर?

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. फलक खरे झाल्यावर मी खेळणाऱ्याला स्वतःचा मजकूर लिहायची जागा दिली. काल दादाची पोरगी येऊन बसली. तिने टाइप केलं, ‘गणिताची परीक्षा घेऊन जा गे मारबत.’ णि नीट, क्ष नीट. बडग्याने फलक उचलला, गर्दी ओरडली. मग ‘आजीची गुडघेदुखी’. मग एकामागून एक, दोन तास. पुढे काय होतं, हे तिने एकदाही विचारलं नाही. गर्दीत हरवलेला मुलगा, त्याचा लाकडी बैल, सातही प्रकरणं, तिने काही उघडलंच नाही.

बाल्या, गेम तो फलकच आहे. तुझी गोष्ट त्यात मावत नाही.

हे लिहायला मला आठवडा लागला असता, म्हणून आजच लिहिलं. आपण स्टारड्यू व्हॅलीची शपथ घेऊन बसलो होतो: तो गेम करायला एरिक बॅरोन एकटा साडेचार वर्षं बसला, तर आपण दोघं का नाही? पण त्याला काय करायचंय हे ठाऊक होतं, आपण नुसते वाढवत गेलो. बॅलाट्रो हा पत्त्यांचा गेम बघ ना. एका माणसाने लव्हसारख्या छोट्या इंजिनावर केला, पत्त्यांचीच कल्पना शेवटपर्यंत पिळली, महिन्याभरात दहा लाख प्रती. अंडरटेल हा गेम गेममेकर नावाच्या इंजिनात झाला, इंजिन कोणतं हे कोणी विचारलं? मला तर वाटतं इंजिनावर भांडणं सोपं असतं म्हणून आपण तेच भांडत राहिलो. काय काढून टाकायचं यावर एकदाही भांडलो नाही.

सगळे म्हणतात, इंग्रजी कर. वेंबा या गेममध्ये त्या आईच्या फाटक्या वहीतली तमिळ पाककृती जुळवत बाहेरच्या लोकांनीही खेळलंच ना? खाली इंग्रजी अर्थ देईन, पण फलक मराठीच. यावर तुझंही ऐकणार नाही.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम ठेवायचे शंभर डॉलर बाजूला काढलेत. गेम पोळ्याच्या आधी बाजारात आणायचा आहे. पण गोष्ट तुझी आहे, तू तीन उन्हाळे लिहिलीस, तुला न विचारता एक ओळही काढणार नाही. नाही म्हणालास तर थांबतो. रागाने नाही म्हणू नको, खेळून म्हण, गेमचा बिल्ड, खेळता येईल अशी फाइल, पाठवलाय.

तुझी नवी नोकरी कशी आहे? वहिनी रुजल्या का तिकडे? घराचं काय झालं? फोनवर बोलू.

अजून एक. आपण पहाटे जाऊन रेकॉर्ड केलेला मिरवणुकीचा ढोल तुझ्या काळ्या हार्डडिस्कवर आहे, माझी प्रत खराब झाली. तो पाठव. पोरीने शेवटचा फलक काय लिहिला सांगू? ‘बाल्याकाकाचं बंगळूर घेऊन जा गे मारबत.’ तो मी सेव्ह करून ठेवलाय.

तुझा,
बंड्या