बाबा, मी पेशंट सोडले का?

बोस्टन, लिंकनशायर, इंग्लंड
12 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "पेशंट सोडलेस म्हणे?" आणि मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती. उत्तर लांबलचक होतं, म्हणून पत्र लिहितेय. आईला वाचून दाखवा. दादालाही द्या, शेवटचा भाग त्याच्यासाठी आहे.

आधी इथला हिशेब सांगते. एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, दातांचं काम 2006 पासून 'यूडीए' नावाच्या युनिटवर चालतं, जितकी युनिटं तितके पैसे. तपासणीचं एक युनिट, फिलिंगची तीन, कवळी किंवा कॅप असेल तर बारा, आणि लॅबचं बिल त्यातूनच भागवायचं. एक दाढ भरा नाहीतर सहा भरा, युनिटं तीनच असायची. नोव्हेंबर 2022 मध्ये थोडी सुधारणा झाली : तीन किंवा जास्त दात भरले तर पाच, दाढेचं रूट कॅनाल केलं तर सात. पण वर्षाच्या युनिटांचा आकडा आधी ठरलेला असतो. 96 टक्क्यांच्या खाली राहिलात की राहिलेल्या कामाचे पैसे परत करायचे. म्हणजे ज्याचं तोंड चांगलं तो पेशंट परवडतो, आणि दहा वर्षं डॉक्टर न बघितलेला, हिरड्या सुजलेला माणूस खुर्चीत बसला की पोटात गोळा येतो. तुमच्याकडे असा माणूस आला की तुम्ही बाहेरच्यांना "जरा थांबा" म्हणून सांगता आणि तासभर त्याच्याच तोंडात असता. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले होते, बाबा.

मार्च 2020 मध्ये तर सगळं नेहमीचं काम बंद. जूनमध्ये दवाखाने उघडले, पण एकदा ड्रिल चालवलं की खोली तासभर रिकामी ठेवायची. त्या रिकाम्या तासात मला पहिल्यांदा पेशंटशी नीट बोलायला मिळालं, बाहेर गाडीत बसलेल्या माणसाशी फोनवर. अर्ध्या लोकांना आपल्या तोंडात काय केलंय हेच माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी दवाखाना विकत घेतला, कर्ज डोक्यावर, आणि 2023 मध्ये एनएचएसचा मोठ्यांच्या कामाचा करार सोडायची तीन महिन्यांची नोटीस दिली, म्हणजे मोठ्या पेशंटना यापुढे खासगी पैसे. लहान मुलं मात्र करारावरच ठेवली. त्यांना अठरापर्यंत फुकट असतं, ते मोडायचं धाडस झालं नाही.

चूक माझी झाली ती पत्रात. सगळ्या पेशंटना एकच छापील पत्र पाठवलं. "आपणांस कळविण्यात येते की" थाटाचं. चौथ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी ते पत्र घेऊन आले (इथे सगळीकडे कोबी आणि बटाटे, सपाट जमीन, चर्चचा मनोरा मैलोन् मैल दिसतो). पत्र काउंटरवर ठेवलं, म्हणाले, "हे तू लिहिलंस?" बस्स, एवढंच. ते गेले ते गेलेच. निम्म्याहून जास्त लोक तसेच गेले. तेव्हा हो, बाबा, सोडले.

जे थांबले त्यांची महिना वर्गणी आहे. आपल्याकडच्या भिशीसारखी समजा, फक्त नंबर लागायची वाट बघायची नाही. वर्षाला दोन तपासण्या, दोनदा सफाई, एक्स-रे, बाकी कामात सवलत. पगाराच्या दिवशी आता झोप लागते.

पण दवाखाना वाढला तो वेगळ्याच कारणाने. इथे शेतात आणि पॅकिंगच्या कारखान्यांत पोलिश, लिथुएनियन, रोमानियन लोक पुष्कळ. ते दात दुखला तरी सुट्टीला गावी जाईपर्यंत कळ काढतात. हे माझ्या इतक्या वर्षांत डोक्यात आलं नाही, आणि मी स्वतः काय केलं? अक्कलदाढ काढायला सातारला आले, तुमच्याच खुर्चीत! तेव्हा मंगळवारी आणि गुरुवारी रात्री आठपर्यंत दवाखाना उघडा ठेवला, पोलिश बोलणारी नर्स ठेवली. गावी पैसे देऊनच दात करून घेणारी माणसं ती, त्यांना खासगी म्हणजे धक्का नव्हता. एक आला, मग त्याची सगळी शिफ्ट आली.

सगळ्यात जड गेलं ते दुसऱ्याच्या हातात काम देणं. इथे डेंटल थेरपिस्ट असतात. 2013 पासून पेशंट थेट त्यांच्याकडे जाऊ शकतो. फिलिंग करतात, मुलांचे दुधाचे दात काढतात. तुम्ही म्हणाल, कंपाउंडरच्या हातात ड्रिल दिलंस! तसं नाही, त्यासाठी शिकून, नोंदणी करून आलेली बाई आहे. तरी पहिले सहा महिने मी तिच्या मागे उभी राहून डोकावत असे. एक दिवस तिने शांतपणे विचारलं, "तुम्हाला तुमचा पेशंट नाही का?" तेव्हापासून मी रूट कॅनाल आणि अवघड कामं करते, बाकी तिचं.

आता दादा. दातांची मापं घ्यायच्या स्कॅनरसाठी कर्ज काढू नकोस, निदान या वर्षी तरी. माझा आठ महिने कोपऱ्यात धूळ खात होता, कारण मापं घ्यायला वेळच ठरलेला नव्हता. आधी अपॉइंटमेंट. आणि बाबा, बाकावरची गर्दी ही तुमची शान आहे, मला माहीत आहे. पण मेढ्याहून एसटीने आलेली बाई तीन तास बसते आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून दाढ तशीच घेऊन परत जाते, हे मी लहानपणी त्याच बाकावर बसून पाहिलंय. दादाला अपॉइंटमेंटसाठी बुधवार सकाळ तेवढी द्या. बाकीचे दिवस तुमचे.

त्या शेतकऱ्याचं राहिलं. गेल्या महिन्यात गाल सुजवून आले. दाढ काढली. पैसे म्हणाले पुढच्या महिन्यात. आमच्या कॉम्प्युटरला हे चालत नाही, तो लगेच बाकीची आठवण पाठवतो. म्हणून मी एक वही आणली आहे, तुमच्या निळ्या वहीसारखी. पहिल्या पानावर ते आहेत.

दिवाळीला फोन करते, या वेळी रेंज असेल. आईला नमस्कार, वहिनीला सांगा चकलीची भाजणी मिळाली, पण इथे अजून तळायचं धाडस नाही, धुराचा भोंगा वाजतो.

तुमची
धाकटी