आईंची वेल

माळीकाका,

तुमची नात वाचून दाखवील, म्हणून लिहितेय. काल आईच्या वेलीला फुलं आली. पांढऱ्या कंदिलातून लाल जीभ बाहेर काढावी तशी, ग्रिलभर.

आई डिसेंबरात गेली आणि जानेवारीत वेलीची पानं गळायला लागली. मी घाबरून दिवसातून दोनदा पाणी घालत सुटले. एका नर्सरीवाल्याने मोबाइलवरचा फोटो बघून सांगितलं, "गेली ही. नवी न्या, दीडशेला देतो." दुसऱ्याने टॉनिकची बाटली गळ्यात मारली. कुंडीत बोट घालून बघायची तसदी दोघांनीही घेतली नाही.

ती तुम्ही घेतलीत, तीन जिने चढून येऊन. (लिफ्ट तेव्हा बंद होती. आजही बंदच आहे.) कुंडीखालची ताटली मोरीत उपडी केलीत आणि म्हणालात, "ताई, बुडवताय तुम्ही हिला." थंडीत ही पानं टाकते, तेव्हा पाण्याचा हात आखडता घ्यायचा, हे मला कुठलं माहीत! कुंडी पश्चिमेच्या उन्हातून काढून सकाळचं कोवळं ऊन येतं तिथे टांगलीत. फांद्या सपासप छाटल्यात तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. नव्या फुटीलाच फुलं धरतात म्हणालात, ते पटायला पावसाळा उजाडला.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. निघताना छाटलेल्यातल्या तीन काड्या तुम्ही ओल्या पेपरात गुंडाळून पिशवीत घातल्यात. मला वाटलं, विकायला नेताय. लिहितानाही लाज वाटते. तुम्ही म्हणालात, "इथली नाही जगली, तर आईंची वेल माझ्याकडे असू दे."

ही वेल पश्चिम आफ्रिकेतली, हे मी मागाहून वाचलं. नायजेरियातल्या थॉमसन नावाच्या मिशनऱ्याची बायको वारली होती. तिची आठवण म्हणून त्याच्या विनंतीवरून १८६२ साली वेलीला नाव मिळालं, क्लेरोडेंड्रम थॉम्सोनिए. वाचून बराच वेळ खिडकीतच बसून राहिले.

आमच्या विंगमध्ये तुम्हाला 'ए माळी' अशीच हाक मारतात. मीही मारायचे. त्याबद्दल माफी मागायची राहिली होती, ती इथे मागते.

तुमच्याकडच्या काड्या परत देऊ नका. त्यांना फूल धरलं की मात्र हाक मारा, मी बघायला येईन.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई